आठ वाजून वीस मिनिटांची नोंद

सोमवार, ९ मार्च

आक्का,

वर काय लिहायचं यातच माझी दहा मिनिटं गेली. तुम्हाला कधी पत्र लिहायची वेळच आली नव्हती. अकरा वर्षं रोज सकाळी सात पन्नासला आपण एकाच नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, मग पत्र कशाला लागणार? पण तुम्ही फोन उचलत नाही. शुक्रवारपासून सतरा वेळा केला. मोठ्या मॅडमनी पाळणाघरात सगळ्यांना बजावून ठेवलंय की चौकशी संपेपर्यंत आक्कांशी बोलायचं नाही, भेटायचं नाही, निरोप धाडायचा नाही. पत्र म्हणजे निरोपच झाला, कळतंय मला. पण पत्र लिहू नका अशी शपथ कुणी घातलेली नाही, तेव्हा लिहिते.

तुमच्या जागी छोट्यांच्या खोलीत एक नव्या बाई आल्यात. पन्नाशीच्या आहेत, कामाला वाघीण आहेत, पण प्रत्येक गोष्ट विचारून करतात. ताई, हा रुमाल कुठला? ताई, खिडकी किती उघडू? ताई, याला उजव्या कुशीवर निजवू की डाव्या? दुपारपर्यंत माझ्या डोक्याचा भुगा होतो. तो रडका तुमच्याशिवाय झोपत नाही. त्याच्या पाठीवर थोपटताना तुम्ही मधेच थांबता, ते नक्की किती थोपट्यांनंतर? मी तीन करून पाहिले, चार करून पाहिले, तो डोळे टक्क उघडे ठेवून माझ्याकडे बघतो.

आता गुरुवारचं. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी माझ्या बाजूने एकदा सांगते, कारण मॅडमच्या खोलीत मला धड बोलता आलं नाही.

आठ वीसला वहिनी ठकीला सोडून गेली. ठकी माझ्या सख्ख्या भावाची मुलगी, म्हणून तिला मी आत घ्यायचं नाही, हा नियम मला कुणी शिकवायला नको. आपल्या घरातलं मूल दुसरीने आत घ्यायचं, पडद्यामागे नेऊन हात-पाय, पाठ-पोट बघायचं, खुणांच्या वहीत लिहायचं आणि शेजारी एकीने साक्षीची सही करायची. पण त्या दिवशी तुमच्या एका खांद्यावर रडका होता आणि दुसऱ्या हाताला जुळ्यांपैकी एक लोंबत होती. मी म्हटलं, राहू द्या आक्का, ठकीचं मी बघते. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. मी वहीत ‘खुणा नाहीत’ असं लिहून सही केली आणि तुम्ही रडक्याला सावरत, डाव्या हाताने वही धरून, खाली सही केलीत.

अकराला तिने दूध सांडलं, स्वेटर ओला झाला म्हणून तुम्ही तो काढलात, आणि डाव्या दंडावर ओळीने चार बोटांचे वळ आणि मागच्या बाजूला अंगठ्याचा. तुम्ही तिला तशीच कडेवर घेऊन मॅडमकडे गेलात. दुसरी कुणी असती तर आधी इकडेतिकडे बघितलं असतं. तुम्ही बघितलं नाहीत आणि तेच तुमच्या अंगाशी आलं. मॅडमनी वही उघडली. आठ वीसला खुणा नाहीत, अकराला आहेत, आणि मधल्या वेळात मी स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होते, पोर तुमच्यापाशी होती. तुम्ही सांगितलंत की सकाळी मी डोळ्यांनी बघितलं नाही, हिच्या भरवशावर सही केली. मॅडमनी मला विचारलं. मी म्हटलं, मी बघितलं होतं, काही नव्हतं.

आता मी दुसरं काय सांगणार होते? वहीत तेच लिहिलेलं आहे. आणि तुम्हीही न बघता सही केलीत ना? ते माझ्याच माथी का? तुम्ही माझ्याकडे जसं बघितलंत तसं कुणी बघू नये. होईल सगळं नीट. तुम्ही कशा आहात हे सगळ्यांना माहीत आहे.

तुम्ही म्हणता तशी, तुमची
गडबडे


शनिवार, १४ मार्च

आक्का,

उत्तर नाही. म्हणजे राग आहे. असू दे.

काल बालसुरक्षा विभागाच्या अधिकारी बाई आल्या होत्या. मी कुणी धिप्पाड, करड्या आवाजाची बाई धरून चालले होते. निघाल्या माझ्या खांद्याएवढ्या, बोलणं हळू, आणि शिसपेन्सिलीने लिहितात. मला म्हणाल्या, सकाळी मूल आत घेताना तुम्ही कसं बघता ते करून दाखवा. खेळण्यांतली मोठी बाहुली दिली हातात. मी पडद्यामागे उभी राहून बाहुलीचे केस मागे सारले, कानामागे बघितलं, बाह्या वर केल्या, दंड फिरवून बघितले, पाठ, पोट, मांड्या, तळपाय. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, फार नीट बघता तुम्ही. इतकं नीट बघितल्यावर दंडावरचं सुटणं शक्य नाही.

मी म्हटलं, नव्हतंच तर सुटणार काय?

पुढचं त्यांनी अगदी सहज विचारलं, वहीतलं पान उलटता उलटता. स्वेटर घालून आली होती का ती? मी म्हटलं, आठवत नाही. त्यांनी तेही लिहिलं.

जाताना त्या मॅडमना सांगत होत्या ते मी दारातून ऐकलं. सोमवारी, तेवीस तारखेला बैठक आहे. तिथे तुमच्यावर ठपका आला तर तुमचं नाव यादीत जाणार. त्या यादीत नाव गेलं की बाई कुठल्याच पाळणाघरात, शाळेत, दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात पाय ठेवू शकत नाही. तुम्ही दुसरं काय करणार, आक्का? तुम्हाला तर बसमध्ये शेजारच्या बाईचं मूलसुद्धा मांडीवर घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

फाटकापाशी आया बोलतात ते ऐकवत नाही. बरं झालं त्या बाईला काढलं, आता निर्धास्त, असं एक जण म्हणाली. वहिनी तिथेच उभी होती. ती पिशवीचा बंद नुसता बोटाला गुंडाळत राहिली.

म्हणून आता खरं लिहिते. मी त्या दिवशी ठकीला बघितलंच नव्हतं. घरचं मूल, रोज डोळ्यासमोरचं, काय बघायचं असतं त्यात, असं वाटलं. आदल्या दिवशीची ओळ वर होती, ‘खुणा नाहीत’, तीच खाली उतरवली. आपण सगळ्याच कधी ना कधी तसं करतो. आठ ते साडेआठात बावीस पोरं आत येतात, तेव्हा हात आपोआप चालतो. तुम्ही नाही करत, माहीत आहे. पण बाकीच्या करतात. मॅडमसमोर तोंडातून ‘बघितलं होतं’ निघून गेलं, आणि एकदा निघालं ते मागे कसं घ्यायचं ते मला कळेना.

हे मी अधिकारी बाईंना सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं. आता माझ्या अक्षरातला, माझ्या सहीचा हा कागद तुमच्याकडे आहे. तो नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलात तर सोमवारच्या बैठकीत तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही ठेवलात तर मी हूं की चूं करणार नाही.

हे लिहून मला जरा हलकं वाटतंय. खोटं कशाला बोलू?

गडबडे


बुधवार, १८ मार्च

आक्का,

मी वाट बघतेय. रोज मॅडमच्या खोलीतला फोन वाजला की माझे हात थांबतात. वाटतं, आक्कांनी पत्र दाखवलं, आता मला बोलावणार. कुणी बोलावत नाही.

काल संध्याकाळी कामावरून थेट दादाकडे गेले. बाबा त्याच्याकडे राहायला गेल्यापासून आठ महिन्यांत तिसऱ्यांदा. दादाने दार उघडलं आणि आधीच सांगून टाकलं की तुमच्या पाळणाघरात झालंय, तुम्हीच निस्तरा. तो तसा वाईट नाही, पण कुठल्याही गोष्टीवर पहिल्यांदा हात झटकायची त्याला लहानपणापासून सवय.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. ठकी त्यांच्या गुडघ्यांमध्ये उभी होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, आजोबा-नातीचं काय गूळपीठ आहे. जवळ गेले तर ठकी तोंडातून आवाज न काढता अंग पिळवटत होती आणि बाबांनी तिचा दंड धरला होता. मी म्हटलं, बाबा, सोडा तिला. ते म्हणाले, “पडेल ती. मला लक्ष ठेवायला सांगितलंय.” मी त्यांची बोटं उघडायचा प्रयत्न केला. एक उघडावं तर दुसरं मिटायचं. त्यांना मी कोण तेही त्या क्षणी आठवत नसावं, पण लक्ष ठेवायला सांगितलंय हे पक्कं आठवत होतं.

स्वयंपाकघरात वहिनीने सांगितलं की रोज सकाळी पावणेसात ते साडेसात असंच असतं. दोघांना आवरून कामावर निघायचं, डबे, अंघोळी, आणि कुणीतरी बाबांना म्हणतं, जरा ठकीकडे बघा हं. मग ते बघतात, त्यांना जमेल तसं. दादाला तिने दोनदा सांगितलं, तर तो म्हणाला की माझ्या बापाला तू मारकुटा ठरवतेस का? त्यानंतर ती बोलायची थांबली.

मग तिने नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये, आणि मला म्हणाली, “गुरुवारी मी तिला मुद्दाम बिनबाह्यांचा फ्रॉक घातला होता. म्हटलं, मला नाही बोलता येत, पण तुमच्या वहीत तर येईल. तुम्ही काय केलंत ताई?”

आक्का, मी काय केलं ते आता लिहिते. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्या दिवशी मी बघितलं होतं.

पडद्यामागे नेलं आणि फ्रॉकला बाह्याच नव्हत्या, त्यामुळे बघायला काही वर करावंही लागलं नाही. चार वळ आणि अंगठा. कुणाचे ते मला लगेच कळलं. गेल्या वर्षी आई गेल्यावर बाबा आधी तीन आठवडे माझ्याकडे होते, आठवतं? मी कामावर मनगटाला रुमाल बांधून यायचे आणि तुम्हाला म्हणायचे की बाटलीच्या वाफेने भाजलं. ते हेच होतं. उठताना, चालताना, घाबरले की ते धरायचे आणि सोडायचेच नाहीत. तीन आठवड्यांनी मी त्यांना दादाकडे नेऊन सोडलं. माझ्या दोनच खोल्या, माझी सकाळची पाळी, मी एकटी, अशी सगळी कारणं सांगितली. मनगटाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या घरात दीड वर्षाची पोर आहे म्हणून त्यांनी बाबांना ठेवून घेतलं नसतं.

म्हणजे मी वहीत खरं लिहिलं असतं, तर अधिकारी दादाच्या घरी गेल्या असत्या, म्हातारा माणूस लहान मुलाजवळ नको म्हणाल्या असत्या, आणि बाबा परत माझ्याकडे आले असते. दादाची अब्रू, बाबांचं वय, हे सगळं मी नंतर मनाशी जमवलं. त्या क्षणी डोक्यात एकच होतं की मला बाबा नको आहेत. ठकीने दंडाला हात लावून मला सांगितलंसुद्धा, “आत्या, बाऊ.” मी तिच्या पिशवीतला स्वेटर काढला, तिला घातला, वरपर्यंत बटणं लावली आणि मग वही घेतली.

तुम्ही घरी बसलात म्हणून ठकी सुरक्षित आहे असं सगळ्यांना वाटतंय. तिच्या घराकडे कुणी बघतच नाहीये.

वहिनीला मी म्हटलं, दोन-चार दिवस कसंही करून तिला बाबांजवळ सोडू नका, सोमवारची बैठक होऊन जाऊ दे, मग बघू. ती ‘बघू’ म्हणाली. मीही पायात चपला अडकवून निघाले. हे पत्र आज टाकणार नाही. पर्समध्ये ठेवते. आधीचं पत्र तुमच्या सुटकेला पुरेसं आहे, ते तुम्ही दाखवालच. जास्तीचं सांगून कुणाचं भलं होणार आहे?


शुक्रवार, २० मार्च

आक्का,

आज सकाळी वहिनी ठकीला घेऊन आली ती कडेवर. एरवी ठकी फाटकापासून पळत येते. आज खांद्यावर मान टाकून होती. वहिनीचे डोळे सुजलेले. म्हणाली, झोपेत हात अंगाखाली आला असेल, जरा दुखतोय. आणि कामावर उशीर होतोय म्हणून वळली, पण गेली नाही. फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली.

नव्या बाईंनी तिला आत घेतलं. मी चपलांच्या फळीपाशी होते. नियमाप्रमाणे मी लांबच राहायला हवं होतं. पडदा अर्धा उघडा राहिला होता. त्यांनी ठकीपुढे लाकडी घोडा धरला. ठकीने उजवा हात पुढे केला. डाव्या बाजूने धरला, तर तिने अंग वळवून पुन्हा उजवाच पुढे केला. डावा हात तिने शरीराशी नुसता लटकत सोडला होता, पंजा आत वळलेला. नव्या बाईंनी बाही वर करायला घेतली तेव्हा ती रडली, आणि तिचं ते रडणं मी जन्मभर विसरणार नाही.

नव्या बाईंनी वही उघडली, पेन हातात घेतलं आणि सवयीप्रमाणे माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, काय लिहू?”

त्या सगळंच मला विचारतात. खिडकी किती उघडू तसंच हे विचारलं. त्यांच्या मनात काहीही नव्हतं. मी म्हटलं असतं की लिहा, झोपेत हात दुखावला, तर त्यांनी तसं लिहिलं असतं. आक्का, मी हे तुमच्यापासून लपवणार नाही, दोन-तीन श्वास तरी मी गप्प होते. फाटकाबाहेर वहिनी दिसत होती. तीही माझ्याकडेच बघत होती.

मी म्हटलं, “जे दिसतंय ते लिहा. मी मॅडमना बोलावते.”

त्यानंतर सगळं भराभर झालं. मॅडमनी डॉक्टर आणि अधिकारी बाई दोघांना फोन लावला. वहिनी आत आली आणि मॅडमच्या खुर्चीत बसून तिने सकाळचं सगळं सांगून टाकलं. ठकी बाबांच्या हातातून सुटायला गेली आणि त्यांनी तिला दंडाऐवजी मनगट धरून ओढलं. आदल्या दिवशीच वहिनी दादाशी भांडली होती की मी तिला बाबांपाशी बसवणार नाही. आज ती न्हाणीघरात असताना दादानेच बसवलं. डॉक्टर म्हणाल्या, कोपराचं हाड जागचं सरकलंय, लहान मुलांचं सरकतं. त्यांनी पोरीचा हात धरून जरा फिरवला, एक बारीक आवाज आला, आणि पाच मिनिटांनी ठकी त्याच हाताने घोड्याचं शेपूट ओढत होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला. बुधवारी मी तिला त्या घरात ठेवून, चपला अडकवून, निघाले होते. ‘सोमवारनंतर बघू’ हे माझे शब्द आहेत.

अधिकारी बाईंसमोर बसले तेव्हा मी म्हटलं, तुम्हाला अर्धं तर माहीतच असेल, आक्कांनी माझं पत्र दाखवलं असेल. त्यांनी पिशवीतून दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. दोन्हींवर माझं अक्षर. दोन्ही बंद. डिंकाची कडसुद्धा सुटलेली नव्हती.

त्या म्हणाल्या, “आली तशीच त्यांनी मला आणून दिली. चौकशी चालू असताना संपर्क नको असं तुम्हीच सांगितलंत ना, म्हणाल्या. आत काय आहे मी विचारलं, तर म्हणाल्या, मला माहीत नाही आणि माहीत करूनही घ्यायचं नाही. मलाही त्या वेळी उघडावीशी वाटली नाहीत, तुमचं आपापसातलं रडगाणं असेल असं धरलं. ते माझं चुकलं.”

मी त्या पाकिटांकडे बघतच राहिले. मी इकडे आठवडाभर समजून चालले होते की मी कबुली दिलीय, आता जे काय ते आक्कांच्या हातात. माझी कबुली कुणी वाचलीच नव्हती. आणि तुमची सुटका तुमच्या हातात होती, वीतभर कागदात, आणि तुम्ही ती न उघडता बस पकडून नेऊन दिलीत. एकदा नाही, दोनदा.

त्यांनी विचारलं, मी उघडून वाचू, की तुम्ही सांगता? मी म्हटलं, मी सांगते, आणि त्यातलं दुसरं पत्रही खोटं आहे. मग पर्समधलं तिसरं काढून दिलं. स्वेटरपासून मनगटाच्या रुमालापर्यंत सगळं सांगितलं. त्यांची पेन्सिल दोनदा मोडली. एकदाही त्यांनी मान वर करून मला शाबासकी दिली नाही, आणि ते बरंच केलं.

हे चौथं पत्रही त्यांच्याकडेच देतेय. चौकशी संपली की चारही तुम्हाला देईन म्हणाल्या. तेव्हा वाचा. नाही वाचलंत तरी चालेल. नव्या बाईंनी लिहिलेली ओळ तेवढी एकदा बघा, फार चांगली लिहिलीय. ‘डावा हात वापरत नाही. उचलला की रडते. कारण ठाऊक नाही.’


गुरुवार, ९ एप्रिल

आक्का,

आता तुम्हाला पत्र लिहायला बंदी नाही, तर लिहायला काही उरलेलं नाही. तरी थोडं सांगते.

बैठकीत काय झालं ते तुम्हाला कळलंच आहे. तुमच्यावरचा आरोप गेला. न बघता सही केल्याबद्दल ताकीद मिळाली, आणि मॅडम सांगत होत्या की ती तुम्ही स्वतः मागून घेतलीत, लेखी. यादीत नाव माझं गेलं. अधिकारी बाईंनी मला समोर बसवून वाचून दाखवलं. माहीत असून लपवलं, दुसऱ्यावर जाऊ दिलं, मूल धोक्यात ठेवलं. प्रत्येक वाक्यावर मी हो म्हटलं. बाहेर येऊन बसथांब्यावर बसले आणि लहान मुलासारखी हुंदके देऊन रडले. शेजारी एक बाई तान्हं मूल घेऊन उभी होती. तिची पिशवी घसरत होती, तरी मी मूल धरते असं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

बाबा माझ्याकडे आलेत. सोपं नाही. कधी कधी मला आई समजतात आणि तिने केलेल्या जुन्या कुठल्या तरी चुकीबद्दल मला झापतात. मीही उलट झापते. दादा बोलत नाही. त्याचं म्हणणं, मी घराची लक्तरं वेशीवर टांगली. वहिनी रविवारी ठकीला घेऊन येते आणि दोघांच्या मधे बसते. तिने ठकीला शिकवलंय, कुणी घट्ट धरलं की मोठ्याने ‘सोड’ म्हणायचं. गेल्या रविवारी ठकीने ते बाबांना म्हटलं. बाबांनी सोडलं. गेल्या वर्षी मी तीन आठवडे त्यांची बोटं उकलत होते, मला हे कधी सुचलं नव्हतं.

काल मी किल्ल्या आणि एप्रन परत द्यायला आले, ते तुमच्यासाठी आले होते. किल्ल्या पाकिटात घालून पाठवता आल्या असत्या. गेले तीन आठवडे मी मनाशी वाक्यं जुळवत होते. आधी माफी मागायची, मग तुम्ही काही बोलायच्या आत रडक्याच्या थोपट्यांचं विचारायचं, म्हणजे तुम्हाला हसू येईल. तुम्ही हसलात की अर्धं काम झालं, हे मला अकरा वर्षांचा अनुभव सांगतो.

फाटक अर्धवट उघडं होतं. तुम्ही पायरीवर होतात. मी रोजच्यासारखं फाटक ढकललं आणि एक पाय आत टाकला. तुम्ही खाली आलात, फाटकावर हात ठेवलात आणि म्हणालात, “बाहेर थांबा. आत मुलं आहेत.”

आवाजात राग नव्हता. अनोळखी माणसाला सांगतो तसं सांगितलंत. मला पहिल्या दिवसापासून तुम्ही अगं-तुगं करत आलात, आणि काल मी तुमच्यासाठी ‘थांबा’ झाले. माझी सगळी वाक्यं तशीच राहिली. मी पाय मागे घेतला. तुम्ही गजांमधून किल्ल्या घेतल्यात, एकेक मोजलीत, एप्रनचे खिसे तपासलेत, पावतीवर माझी सही घेतलीत. या वेळी माझी सही नीट वाचून मगच तुम्ही आपली केलीत. मग कडी लावलीत आणि लागली की नाही ते ओढून बघितलंत.

मला लागलं. फार लागलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला तुमचा रागही आला.

तेवढ्यात आतून ठकीचा आवाज आला, कुणाला तरी घोडा देत नव्हती. तुम्ही लगेच वळलात आणि तिच्याकडे गेलात. फाटकापाशी कोण उभं आहे हे तुम्ही पुन्हा वळून बघितलं नाहीत.

आक्का, माझी पोर त्या फाटकाच्या आत आहे आणि दाराशी तुम्ही आहात. तुम्ही मला आत घेतलं असतं तर मला काल झोप लागली नसती.